अठ्ठेचाळीस खण गप्प

लुब्लियाना, १२ नोव्हेंबर १९५०

अल्बिन,

पाच वर्षांनी लिहितेय. सुरुवात कशी करावी ते सुचत नाही, म्हणून आधी कामाचं सांगते. तुझी सिंफनी सापडली.

सगळी वाद्यं एकत्र लिहिलेली मोठी वही नव्हे. ती तू चुलीत घातलीस हे रेझा आत्यानं तेव्हाच कळवलं होतं. कागद ओलसर होता, घरभर धूर झाला आणि तू खोकत बसलास, हेही कळवलं होतं. आत्याच्या पोटात काही राहत नाही. सापडल्या त्या वाद्यांच्या सुट्या वह्या, खटल्यानंतर कुणीतरी थिएटरच्या तळघरात टाकून दिलेल्या. बेचाळीसच्या बेचाळीस. आमचा नवा कंडक्टर मारिबोरचा आहे, तिशीही उलटली नसेल. त्यानं त्या वह्या रंगमंचावर पसरल्या, गुडघ्यांवर रांगत एकमेकींशी जुळवल्या आणि त्यातून मोठी वही पुन्हा उभी केली. मग माझ्याकडे येऊन म्हणाला, "कॉम्रेड लुकान, तुमच्या भावानं हे लिहून ठेवलंय, आणि आम्ही इथे दरवर्षी तेच चार ऑपेरे दळत बसलोय?" त्याला ती एप्रिलमध्ये वाजवायची आहे.

अडचण तुला माहीत आहे. तरी लिहिते, कारण कार्यक्रमांना परवानगी देणाऱ्या समितीच्या बाईंनी मला ती शाळकरी पोरीला सांगावी तशी सांगितली. बेचाळीस साली इटालियनांनी शहराभोवती काटेरी तार घातली, तेव्हा मुक्ती आघाडीचा निरोप आला होता की परके जाईपर्यंत कुणी मंचावर गायचं नाही, वाजवायचं नाही, काही छापायचं नाही. सगळ्यांनी मौन पाळायचं. तू पाळलंस. अख्खा हिवाळा माझ्या स्वयंपाकघरात ओव्हरकोट घालून बसलास आणि सिंफनी लिहिलीस, ती कपाटात ठेवायला. जूनमध्ये ते तुला छावणीत घेऊन गेले. पुढच्या मार्चमध्ये, तू गोनार्सच्या चिखलात असताना, ती इथे वाजली. पहिल्या दोन रांगांत इटालियन अधिकारी. पंचेचाळीस साली न्यायालयानं तुझ्या नावापुढे शेरा मारला, 'स्वतःची रचना शत्रूपुढे वाजवायला स्वतः दिली.' पाच वर्षं शिकवायचं नाही, तुझं काही कुणी वाजवायचं नाही. ती पाच वर्षं सरली, पण शेरा आहे तिथेच आहे. तो निघाल्याशिवाय समिती सिंफनी वाजवू देणार नाही. सिंफनी कुणी दिली ते कुणीतरी लेखी द्या, म्हणतात.

तर तू एवढंच लिहून दे, की ती चोरीला गेली. न्यायालयाच्या पायऱ्यांवर मी तुला तेव्हाच सांगितलं होतं, त्या वेळच्या कंडक्टरनं माझ्या कपाटातून उचलली. तो पळाला आणि आता अर्जेंटिनात गाई मोजत असेल. आणखी एक आळ आला म्हणून त्याच्या गाई काही आटणार नाहीत.

काल संत मार्टिनचा सण झाला, हंस भाजायचा आणि नवी वाइन चाखायचा. हंस कुठला मिळायला! आंबवलेलं सलगम आणि शेजारणीनं दिलेली पेलाभर नवी वाइन. मी अजून थिएटरमध्येच वाद्यांच्या वह्यांच्या नकला उतरवते. डोळे पूर्वीसारखे राहिले नाहीत. तू कसा आहेस?

तिल्का

लुब्लियाना, ३ डिसेंबर

अल्बिन,

तुझं उत्तर आलं नाही, आत्याचं मात्र आलं. लिहिते, "पोस्टमन आला तेव्हा हा मधमाश्यांच्या पेट्यांना थंडीसाठी पेंढा बांधत होता. उभ्याउभ्या पत्र वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं. मी म्हटलं, काय म्हणते रे ती? तर म्हणे, 'काही नाही, जुनंच.' दुपारी सूपसुद्धा अर्धं टाकलं. काय लिहिलंस गं बये त्याला?"

जुनंच. हा शब्द आठवडाभर माझ्या मागे लागलाय.

परवा म्हातारा पेटर्नेल माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. तो अजून तिसरा ट्रॉम्बोनच वाजवतो. युद्धाआधी तिसरा, युद्धात तिसरा, आणि आता समाजवाद आला तरी तिसराच.

"तिल्का, त्या वह्यांमधलं अक्षर कुणाचं गं?"

"मला काय ठाऊक? मागे झुकलेलं अक्षर आहे. कुणी डावखुरा असेल."

"असेल, असेल. पण माणूस भला हो. एका जागी मला तालाचे अठ्ठेचाळीस खण गप्प राहायचं होतं. आमच्यासारख्याचं काय होतं तुला माहीत आहे ना? रेघा मोजता मोजता तिसाव्या खणापाशी मनात बटाटे शिजायला लागतात. मग एकतर आधी तोंड घालायचं, नाहीतर नंतर. पण त्या दिवशी मी अगदी वेळेवर फुंकलं." डोळा मारून गेला मेला. काय सुचवायचं होतं त्याला, कोण जाणे.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली होती. कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या गळ्यात, आईच्या क्रॉसशेजारी असायची. तेव्हा 'उचलली' म्हणणं थोडं सैलच होतं. त्या कंडक्टरनं मागितली. फार मागे लागला. मी त्याच्या हाताखालची नोकर, किती नाही म्हणणार? पण समितीला हा घोळ कशाला सांगायचा? 'चोरली' हेच सुटसुटीत आहे.

आत्याला सांग, लोकरीचे मोजे मिळाले.

तिल्का

लुब्लियाना, १७ डिसेंबर

अल्बिन,

हे पत्र तीनदा फाडलं. चौथ्यांदा फाडणार नाही, जे येईल ते येऊ दे.

त्यानं मागितली नव्हती. असलं काही अस्तित्वात आहे हेच त्याला माहीत नव्हतं. मी गेले. मार्चमध्ये, बर्फात, बेचाळीस वह्या आईच्या जुन्या चादरीत बांधून त्याच्या दारात उभी राहिले.

त्रेचाळीसच्या जानेवारीत मी तुला पाठवलेलं पार्सल परत आलं. मोजे, कुट्टूच्या पिठाचा बुरशी आलेला पाव, आणि वर इटालियनमध्ये लिहिलेलं, 'मृत'. तो दुसराच कुणी लुकान होता हे आता आपल्याला माहीत आहे. तेव्हा मला एकच लुकान माहीत होता. मी चर्चमध्ये तुझ्या नावानं प्रार्थना करवली. रडू आलं नाही. घरी येऊन कपाट उघडलं.

तू मला शब्द द्यायला लावला होतास की युद्ध संपेपर्यंत सुट्या वह्या काढायच्या नाहीत. मोठी वही नुसती पडून राहते, वाद्यांच्या वह्या निघाल्या की ती वाजू शकते, म्हणाला होतास. तू जिवंत होतास तोवर मी शब्द पाळला. नंतर मी स्वतःला सांगितलं, मेलेल्याला दिलेला शब्द मेलेल्याबरोबर जातो. हे खरं नाही, मला तेव्हाही कळत होतं.

दहा आठवडे मी ती नकलली. तू वही उघडलीस की तुला सगळी वाद्यं एकदम ऐकू येतात. मला नाही येत. नकला उतरवणारीला एका वेळी एकच वाद्य दिसतं. तीन दिवस नुसता ओबो. चार दिवस नुसता व्हायोला. दुसऱ्या व्हायोलिननं तर माझा जीव खाल्ला. शेवटच्या वहीवर शाई सुकवली तेव्हा तुझ्या सिंफनीतला एकूण एक स्वर माझ्या हाताखालून गेलेला होता, आणि ऐकलेलं काहीच नव्हतं. मला ती ऐकायची होती, अल्बिन. देशासाठी नाही, तुझं नाव राहावं म्हणूनही नाही. तू गेलास असं मला वाटत होतं, आणि ती वाजेल तेवढी चाळीस मिनिटं तू त्या हॉलमध्ये असशील असंही वाटत होतं. मौन, आघाडी, तुला दिलेला शब्द, सगळं त्यापुढे फिकं पडलं.

खबरदारी घेतली होती. तुझं नाव कुठेही नव्हतं. कार्यक्रमपत्रिकेवर 'एका अनामिक जुन्या उस्तादाची' असं छापलं. माझं अक्षर ओळखू नये म्हणून सगळं मागे झुकवून लिहिलं, प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला काढतात त्या चिन्हाची शेपटीसुद्धा बदलली. एवढं सगळं केलं, आणि मुळातली गोष्ट विसरले.

दुसरा भाग. झाबुकोवयेच्या घंटा. चर्चच्या तीन घंटा, चार माणसं, हातात लोलक धरून वाजवायचा आपल्या गावचा ठेका, बाबांनी टेबलावर चमच्यांनी शिकवलेला. लहानपणापासून इतका ऐकलाय की नकलताना मला ते काही वेगळं आहे असं वाटलंच नाही. मला नुसतं घरी असल्यासारखं वाटलं. आपल्या खोऱ्यात प्रत्येक गाव आपापल्या ठेक्यावरून ओळखू येतं, हे शेंबडं पोरही सांगेल. मी तुझं नाव खोडलं आणि गावाचं नाव सगळ्या वाद्यवृंदाला वाजवू दिलं. इतका मूर्खपणा आपल्या खोऱ्याबाहेरच्या माणसाला जमायचा नाही.

माझ्या पुढे तीन रांगा सोडून पलीकडच्या गावची पाववाली बसली होती. हॉलमध्ये शेगडी असते म्हणून यायची ती. सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "अगं बाई! ही तर झाबुकोवयेची घंटा! म्हणजे हे लुकानांच्या अल्बिनचंच. तो तर मौनात होता ना?"

दुसऱ्या दिवशी बाजारभर झालं. सप्टेंबरात छावणीची दारं उघडली आणि तू घरी न येता थेट जंगलात, आपल्या लढणाऱ्यांकडे गेलास, तर ही बातमी तुझ्याआधी तिथे पोचलेली. आत्या सांगते, तुला गाणाऱ्यांच्या तुकडीत घेतलं नाही, दोन वर्षं खेचरं हाकायला लावली.

मग न्यायालय. मला विचारलं, वह्या कशा निघाल्या? मी म्हटलं, मला माहीत नाही. तू समोर टोपी मांडीवर ठेवून बसला होतास. मी भ्याले. नोकरी जाईल, खोली जाईल, लोक थुंकतील. तुझं काय जाईल याचा विचार मी नंतर केला. बाहेर पायऱ्यांवर तू थांबला होतास, माझ्यासाठीच थांबला होतास, आणि मी तुला चोराची गोष्ट सांगितली. तू ऐकून घेतलीस, टोपी घातलीस आणि स्टेशनकडे गेलास.

समितीला मी स्वतः लेखी देणार आहे. तुला विचारत नाहीये, सांगतेय.

तिल्का

लुब्लियाना, २० जानेवारी १९५१

अल्बिन,

समितीत जाऊन आले. त्याच बाई, कॉम्रेड ब्रेगार, पन्नाशीच्या, सिगारेट विझली तरी ओठांतून काढत नाहीत. माझा कागद वाचला आणि माझ्याकडे सरकवून परत दिला.

"कॉम्रेड लुकान, उगाच भावाला वाचवायला येऊ नका. त्यानं स्वतः कबूल केलेलं आहे."

"काय कबूल केलंय?"

त्यांनी तुझी फाईल उघडली आणि बोट ठेवून वाचून दाखवली. "'सुट्या वह्या मी अटकेआधी स्वतः डाव्या हातानं नकलल्या आणि कंडक्टरकडे दिल्या. माझ्या बहिणीला यातलं काहीही माहीत नव्हतं.' खाली सही. ही तुमच्या भावाचीच ना?"

तुझीच होती. मला बसायला खुर्ची नव्हती, मी त्यांच्या टेबलाचा काठ धरला.

"हे खोटं आहे," मी म्हटलं.

"दोघांपैकी एक जण खोटं बोलतोय हे मलाही दिसतंय."

"तो बोलतोय."

"असं? मग तुम्ही पाच वर्षं काय बोलत होतात?"

मी त्यांच्याकडे कोरा कागद मागितला, पाच रेघा ओढल्या आणि ते मागे झुकलेलं अक्षर लिहून दाखवलं, शेपटी बदललेल्या चिन्हासकट. आठ वर्षांत हात विसरला नव्हता. त्यांनी तळघरातली एक वही मागवली, दोन्ही कागद खिडकीशी नेऊन शेजारी शेजारी धरले. बराच वेळ बघत होत्या.

"सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "तुम्हाला आत टाकायला हवं."

आत टाकणार नाहीत. थिएटरमधून काढलं. एक फेब्रुवारीपासून झागोर्येला, कोळशाच्या खाणीच्या कचेरीत, कारकुनी. तुझा शेरा खोडला जाईल, माझ्या नावापुढे नवा लागेल. जाताना बाईंनी विचारलं, "एक सांगा, ती चांगली आहे का हो? ती सिंफनी?" मी म्हटलं, "आहे."

आता तू सांग. तुला माहीत होतं. पायऱ्यांवर मी तुझ्या डोळ्यांत बघून खोटं बोलत होते, तेव्हा तू आत माझ्यासाठी खोटं बोलून आला होतास. मग बोलला का नाहीस? चार शिव्या द्यायच्यास, थोबाडीत मारायचीस. पाच वर्षं मी तुझ्या गप्प बसण्याला घाबरत जगले. आणि तुला कळलं कसं? अक्षर तर मी लपवलं होतं.

तिल्का

झाबुकोवये, ४ फेब्रुवारी १९५१

तिल्का,

मला पत्रं लिहिता येत नाहीत, तुला ठाऊक आहे. थोडक्यात लिहितो.

अक्षर तू चांगलं लपवलं होतंस. न्यायालयात वह्या टेबलावर होत्या, मला म्हणाले ओळख. मी हाताला आली ती उघडली. तिसऱ्या ट्रॉम्बोनची. अठ्ठेचाळीस रिकामे खण, आणि त्यांच्या शेवटी बारीक अक्षरात उतरवलेली व्हायोलाची ओळ, ती ऐकली की कुठे सूर धरायचा ते पेटर्नेलला कळावं म्हणून. मोठ्या वहीत मी तसं काही लिहिलं नव्हतं. कुणी न सांगता, जास्तीचे पैसे न घेता, मोजता मोजता चुकणाऱ्या माणसासाठी असं लिहिणारी लुब्लियानात एकच बाई आहे. शेपटी बदललीस, पण हे सोडवलं नाही तुला.

वाजवलीस म्हणून मी रागावलेलो नाही. मी मेलो असं तुला वाटलं, ठीक आहे. खेचरं वाईट नसतात, संगीतावर मतं देत नाहीत. खोटं बोललीस म्हणूनही नाही. भ्यालीस. छावणीत मीही भ्यायचो.

पण ती मी लिहिली आणि एकदाही ऐकली नाही. तू ऐकलीस. ती कशी वाजली हे तू मला एका शब्दानं सांगितलं नाहीस. पायऱ्यांवर मी तेवढ्यासाठी थांबलो होतो. आता सांगेल, मग सांगेल. तू चोराची गोष्ट सांगितलीस. त्या दिवशी न्यायालयातून परत मिळालेली मोठी वही घरी येऊन जाळली.

नवीन कंडक्टरचं पत्र आलं. तेरा एप्रिलला वाजवतोय. जायचं की नाही ठरवलेलं नाही.

आत्या विचारते, खाणीच्या गावात खोली कोरडी आहे का.

अल्बिन

झागोर्ये, ४ मार्च १९५१

अल्बिन,

खोली कोरडी आहे. काळी आहे, पण कोरडी आहे.

तुझं पत्र महिनाभर उशाखाली आहे. मी मूर्ख आहे असं मला अनेकदा वाटलंय, पण कशात मूर्ख आहे हे मला कधी कळलं नव्हतं. मी पाच वर्षं शिक्षेची भीती बाळगून होते, आणि तू बसला होतास एका बातमीची वाट बघत. ती माझ्याकडे होती. माफी मागते, पण ती तुला नको असणार. तुला हवं ते सांगते. गोड करून सांगणार नाही.

हॉल थंड होता. शेगडी एकच, मागच्या बाजूला. सुरुवातीचे चेलो इतके हलके आले की सुरू झालंय हे मला कळलंच नाही, एक इटालियन अधिकारी अजून खोकत होता. मग कळलं की तो खोकतोय त्याखाली काहीतरी चालू आहे. तो लाजून गप्प झाला. तुला असंच हवं होतं का? मला वाटलं, हवं होतं.

दुसऱ्या व्हायोलिनबद्दल मी तुझी माफी मागते, ती तरी घे. नकलताना मी तुला शिव्या घातल्या होत्या. नऊ पानं, दोनच स्वर, आळीपाळीनं, वर खाली, वर खाली. मला वाटलं, याला काही सुचलं नाही म्हणून जागा भरलीये. हॉलमध्ये ऐकलं तेव्हा कळलं की बाकी सगळे त्या दोन स्वरांवर उभे होते. बासरी वर कुठेही गेली तरी तिला उतरायला जागा होती. मी हातानं लिहिलेलं असून मला ते माहीत नव्हतं. मी तोंडावर रुमाल धरून बसले होते.

ट्रॉम्बोन फार झाले. पहिल्या भागाच्या शेवटी तू तिघांनाही एकदम सोडलंस आणि बाकीचे बुडाले. पेटर्नेलला हे सांगू नकोस.

दुसरा भाग. घंटा हॉर्नमधून येतात आणि खाली सगळी तंतुवाद्यं बोटांनी छेडतात, हे कागदावर मला गंमत वाटली होती. तिथे ती गंमत नव्हती. गॅलरीतून ठकठक यायला लागली, वर बघितलं तर कुणीतरी कठड्यावर बोटांनी आपला ठेका धरला होता. मग दुसऱ्यानं. म्हणजे पाववाली एकटी नव्हती, आपल्या खोऱ्याची किती तरी माणसं त्या थंडीत तिथे होती, मौन मोडून, माझ्यासारखी. तिनं तोंडानं सांगितलं एवढंच. बाबा असते तर म्हणाले असते, पोरानं धाकटी घंटा अर्धा श्वास उशिरा आणलीये, पण राहू द्या.

पाववालीनं तुझं नाव घेतलं आणि मी उठले. तिसरा भाग कपडे ठेवायच्या खोलीत कोटांच्या आडून ऐकला. तो फारसा जमलेला नाही. स्वतःची हुशारी दाखवायला लिहिलायस तो, आणि दाराआडूनही ते कळतं. मधली ओबोची चार ओळींची जागा तेवढी सोडून. ती कुणाला कापू देऊ नकोस.

मग दारावरचा शिपाई आला आणि म्हणाला, "बाईसाहेब, आत जा, नाहीतर बाहेर जा." मी बाहेर गेले. पुलापर्यंत धावत गेले. चौथा भाग मी ऐकलाच नाही, अल्बिन. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. इतकं सगळं केलं, तुझं नाव बुडवलं, आणि तुझ्या सिंफनीचा शेवट मला माहीत नाही.

तेरा तारखेला मला येता येणार नाही. नव्या माणसाला सहा महिने रजा नाही, मी दोनदा विचारलं. रेडिओवर लावायचा धीर त्यांना अजून झालेला नाही. म्हणून तू जा. शुक्रवार आहे, तेरा आहे, आत्या बोंब मारेल, तरी जा. कोट इस्त्री करून घे, मागे बस, आणि घरी आल्यावर चौथा भाग कसा वाजतो ते मला लिही. पत्रं लिहिता येत नाहीत हे मला सांगू नकोस, एक लिहून दाखवलंयस.

आणखी एक. चौथा भाग तू पोलीस यायच्या आदल्या दिवसांत घाईनं लिहिलास. एकशे बाराव्या खणात क्लॅरिनेटचा एक स्वर शाईनं पूर्ण माखला होता. मी दिव्यापुढे कागद धरला, मागून बघितला, शेवटी अंदाजानं लिहिला. मोठी वही जळली, तेव्हा आता तिथे काय होतं हे तुझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. त्या मारिबोरच्या पोरानं माझाच अंदाज उचललाय. तालमीला जाऊन ऐक. स्वर चुकीचा असेल तर तिथेच सगळ्यांसमोर उभा राहा आणि सांग, हा माझा नाही, माझ्या बहिणीनं चुकीचा लिहिला. या वेळी माझ्यावर पांघरूण घालू नकोस.

तिल्का